गुरुवारची सुट्टी

आमच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळं जग लोळत असतं तेव्हा आम्ही फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये. मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा लातूरकडचा मित्र, गुरुवारी आपापल्या खोलीवर बसून एका ओपन सोर्स प्रकल्पाचं काम करायचो. जुन्या मशिनींचं तापमान कॉम्प्युटरवर दाखवणारा प्रोग्राम. फुकट, कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. त्याला तिथे आणलं मीच. आणि मूळ कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार मिळाला त्याला. मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट झाला.

प्रकल्पाचा एक नियम होता. मोठा बदल टाकला की त्याचे सगळे भाग नीट बसेपर्यंत चार-पाच तास बिल्ड तुटलेली राहते, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाही. म्हणून असले बदल सुट्टीच्या दिवशीच टाकायचे.

एका गुरुवारी सकाळी रावेतला माझ्या खोलीवर असताना त्याचा फोन आला. "भावा, आज सुट्टीच हाय. तो मोठा बदल टाकून देतो. एकदा बघ की."

सुट्टी आपल्याला आहे, जगाला नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. अगदी ओठावर आलं होतं. पण मी म्हणालो, "बघितलं. टाक बिनधास्त." आणि चहा ठेवला.

तासाभरात तक्रारींवर तक्रारी. देशोदेशीची माणसं कामाला बसलेली आणि एकाचाही प्रोग्राम तयार होईना. मी चहा पीत एकेक तक्रार चवीने वाचली. दुपारी प्रकल्प चालवणाऱ्या बाईंनी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, "टाकण्याआधी हे कोणाला दाखवलं होतं का?"

आता हा माझं नाव घेणार.

त्याने लिहिलं, "कोणालाच नाही. घाई माझी. माझा अधिकार काढून माझ्या मित्राला द्या. त्याला विचारलं असतं तर त्याने मला अडवलं असतं."

बाईंनी मला विचारलं, "घ्याल का?"

लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण फार उशिरा. आधी वाटला तो हेवाच; चुकतानासुद्धा हा माझ्यापेक्षा मोठा ठरला होता.

मी "हो" लिहून पाठवलं.