डेल्फिनाची नवी डावी बाजू

पाराना नदी समुद्राजवळ येता येता शेकडो ओहोळांत फुटते, तिथल्या एका बेटावर डेल्फिना ओर्साली राहायची. विलो नावाच्या झाडाच्या लवचिक काड्या कापायच्या, सोलायच्या, टोपल्या विणायच्या आणि होडीत रचून तिग्रेच्या बाजारात न्यायच्या, हे तिचं काम. होडी ती स्वतःच वल्हवायची. नवरा एउसेबिओ म्हणायचा, "मला इंजिन कशाला हवंय? मी इंजिनाशीच लग्न केलंय."

पन्नाशी उलटल्यावर तिला गाठ सापडली. डावा स्तन काढला, औषधं झाली, केस परत आले. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं. पण ब्राच्या डाव्या बाजूला घालायला तिने मोज्यात मसूर भरून एक पुरचुंडी शिवली होती, ती वल्हवताना सरकायची. एकदा धक्क्यावर टोपल्या उतरवताना ती घसरत थेट पोटावर आली आणि गिऱ्हाईक बघतच राहिलं. त्याच आठवड्यात डेल्फिना राजधानीतल्या इस्पितळात गेली.

"सिलिकॉन नको," तिने बसता बसताच सांगितलं. "परकी वस्तू अंगात ठेवून मला झोप लागायची नाही."

"मग तुमच्याच अंगातलं घेऊ," डॉक्टर बेंगोएचेआ म्हणाल्या. बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर बसवता येते, त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. नाहीतर पाठीचा रुंद स्नायू काखेखालून पुढे वळवतात. नाहीतर मांडीच्या आतल्या बाजूचं घेतात. नाहीतर नुसती चरबी शोषून थोडी थोडी टोचायची, पण त्याला खेपा जास्त. "आणि काहीच न करणं हाही मार्गच आहे. पुष्कळ जणी सपाट राहतात आणि मजेत असतात."

एक मार्ग विचारायला गेलेली डेल्फिना पाच घेऊन उठली. दारातून मागे वळून म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

"मी होडी वल्हवत नाही. तुमची पाठ तेवढी राहू द्या, असं मी सांगेन. बाकी तुम्ही ठरवा."

धाकटी बहीण मिर्ता हे ऐकून चेकाळलीच. "अगं, पोट देऊन टाक! आयतं सपाट होतंय. माझंही घेतात का विचार, दोघींना पुरून उरेल."

"अख्खा दिवस चिरफाड आहे, मिर्ता."

"तुला झोपूनच काढायचाय ना?"

एउसेबिओ मात्र समोर बसून माते, म्हणजे तिथला कडवट चहा, ओतत राहिला. "तुला बरं वाटेल ते कर," एवढंच.

"मला काय बरं वाटतंय तेच कळत नाहीये! तुला कशी हवीय मी?"

त्याने किटली खाली ठेवली. "जिवंत," तो म्हणाला.

डेल्फिनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. उत्तर चांगलं होतं, पण त्याचा उपयोग काय? सकाळी काड्या सोलताना तिला वाटायचं, पोट देऊ. जेवणं होईपर्यंत वाटायचं, कशाला, आहे तशीच बरी आहे की मी. अंगाचा एक तुकडा गेला म्हणून दुसरा कापून द्यायचा, हे काय गणित? आणि पुन्हा पुरचुंडी सरकली की सगळं पहिल्यापासून सुरू.

शेवटी पोट द्यायचं म्हणून तिने तारीख घेतली. दाखल झाल्यावर मात्र नर्सला म्हणाली, "माझं अजून नक्की नाही हो." डॉक्टर येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. "आत्ताही घरी जाता येईल. कोणी रागावणार नाही."

"घरी गेले तर तिथे बसूनही हेच घोळवत राहीन," डेल्फिना डोळे पुसत म्हणाली. "करून टाका."

जाग आली तेव्हा नर्स नव्या छातीवर एक छोटं यंत्र टेकवून ऐकत होती. आतून हुश्श हुश्श असा आवाज येत होता. "रक्त फिरतंय," ती म्हणाली. ते आपलंच रक्त, आपल्याच पोटात, पण छातीवर! डेल्फिनाला काही केल्या त्याचा मेळ बसेना. पोट इतकं ताणलं होतं की पुढे बरेच दिवस ती वाकूनच चालली.

घरी एका दुपारी पट्ट्या निघाल्यावर एउसेबिओने पहिल्यांदा नीट पाहिलं. "हा तीळ बेंबीखाली राहायचा ना?"

"बिऱ्हाड हलवलंय त्याने."

तिचे टाके दुखेपर्यंत दोघं हसली. मग त्याने त्या तिळावर बोट ठेवलं. "कळतंय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. त्याने बोट तिथेच राहू दिलं.

पाठ शाबूत होती, त्यामुळे काही महिन्यांनी ती पुन्हा वल्ह्यावर बसली. ब्रात आता काही भरावं लागत नव्हतं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "स्तनाग्रही करायचं का? शिवून करता येतं, नाहीतर गोंदून." डेल्फिनाने हातच जोडले. "आता आणखी निवडायला लावू नका, डॉक्टर. आधी या नव्या बाजूशी ओळख तर होऊ दे."

बाजारच्या धक्क्यावर मिर्ता वाट बघत होती. होडी बांधायच्या आधीच तिने विचारलं, "मग? खूश आहेस ना आता?"

"काय सांगू? कधी वाटतं, उगाच एवढं चिरून घेतलं. आणि कधी आंघोळ करताना खाली बघते, तर बरंच वाटतं."

"म्हणजे नक्की काय?"

"तेच तर कळत नाही गं." डेल्फिनाने वरची टोपली उचलून तिच्या हातात दिली. "धर नीट. हिची कडी सैल आहे."