पाच हजारांतली एक जागा

वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि मला मित्र जमवण्याचा नाद लागला. मोबाईलवरचे मित्र. सकाळी चहाच्या आधी आकडा पाहायचा, आणि तो वाढलेला असला की दिवस चांगला जायचा. बायको चिडवायची, "यातला एक तरी आला का जी कधी दारात?" मी म्हणायचो, तुले नाही समजत. आनंद मात्र खरा होता, उगाच खोटं कशाला बोलू. जन्मभर हजेरीच्या नंबरानं ओळखला गेलेला माणूस मी. आता कुठल्या कुठल्या गावचे लोक माझ्या परसातल्या वांग्यांना लाइक देत होते.

एक मित्र जुनाही होता. बावीस वर्षं माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ड्युटीला आला. त्याचं गाव वाटेवरच. थंडीत माझ्या पाठीआड दडायचा आणि वर मलाच दरडावायचा, "हळू चालव ना बे, मले पोरगी आहे लग्नाची." माझ्यासोबतच निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यात पाहायला गेलो तर उशाशी मुलीनं दिलेला नवा मोबाईल पडलेला. मीच त्याचं खातं उघडून दिलं, तिथल्या तिथे फोटो काढून लावला. माझी रिक्वेस्ट मीच पाठवली आणि त्याच्या वतीनं मीच स्वीकारली. "तुहा टाइमपास होईन," म्हणालो. खरं कारण असं की माझा एक आकडा वाढणार होता.

नंतर त्याच्या घरी जाणं राहूनच गेलं. जेमतेम सात किलोमीटर अंतर. पण मोबाईलवर आहेच की तो, अशी मी मनाची समजूत घालायचो.

पाच हजार पूर्ण झाले त्या दिवशी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी कळलं की याच्यापुढे जागाच नसते, नवा घ्यायचा तर जुना काढावा लागतो. इकडे जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याची रिक्वेस्ट येऊन पडलेली. ती कशी सोडायची? यादी उघडून बसलो. जे कधी लाइक देत नाहीत, वाढदिवसाला दोन शब्द लिहीत नाहीत, असले मुके काय कामाचे? पन्नासेक उडवले. त्यात त्याचं नाव आलं. बोट थांबलं, नाही असं नाही. पण दीड वर्षात साल्यानं एक लाइक दिला नाही, याचा राग आला आणि त्यालाही काढलं.

धान कापणीच्या दिवसांत कारखान्यातल्या कुणीतरी टाकलेला एक हार घातलेला फोटो आला. असे रोज दोन-तीन येतात. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मी पुढे सरकलो. बरंच पुढे गेल्यावर तो चेहरा मनात आला आणि मी परत मागे आलो. फोटो दवाखान्यातला होता, मीच काढलेला.

त्याच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. सगळे जेवायला उठल्यावर वहिनी जवळ येऊन बसल्या.

"भाऊ, आमच्यावर नाराज होते का जी तुम्ही? डाव्या हातानं दिवसभर तुमचेच फोटो पाहत ते. तुमचे वांगे, तुमची नात. मंग एक दिवस तुम्ही दिसूनच नाही राहिले. मले मोबाईल दाखवत, हातानं विचारत, काहून नाही दिसत म्हणून. मले काय समजते त्यातलं? पोरगी म्हणे, नेट नसन."

लाइक कसा द्यायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी शिकवलं नव्हतं.

त्यांनी आतून मोबाईल आणून माझ्या हाती दिला. "पाहा बरं जी, काय बिघडलं होतं ते."

मी त्याचं खातं उघडलं. मित्रांच्या यादीत कुणीच नव्हतं. दीड वर्ष तिथे एकच नाव होतं, ते माझं.

वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काही नाही बिघडलं, वहिनी," मी म्हणालो. "नेटच नसन."