कुंपणापलीकडचं क्लोव्हर

ओलीटा क्रॅबट्रीच्या घरात रक्ताचं कुणाला काही वाटत नसे. नोव्हेंबरात मागच्या ओसरीच्या तुळईला हरीण उलटं टांगलेलं असायचं, खाली बादली, आणि ती त्याच्या अंगाला अंग घासत कपडे वाळत घालायला जायची. कोंबडीची मान पिरगळायला ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगराळ भागात हिवाळ्याचं मांस रानातून यायचं, आणि देवाने दिलं ते सोलून, मीठ लावून नीट ठेवणं हे तिच्या लेखी प्रार्थनेइतकंच काम होतं.

माणसाच्या रक्ताचं मात्र तसं नव्हतं. तिच्या बापाने चुलतभावाला एका डुकरापायी गोळी घातली होती. डुक्कर कुणाच्या हद्दीत सापडलं, एवढाच वाद. त्यानंतर तिचे लहानपणचे सगळे रविवार एकसारखे गेले. सकाळी चर्च, दुपारी आईबरोबर तुरुंग. काचेपलीकडून बाप विचारायचा, डुकरिणीला पिल्लं किती झाली. तो सुटला नाही, तिथेच गेला. ओलीटाने तेव्हापासून देवाकडे एकच मागणं ठेवलं होतं, की पुन्हा असा रविवार दाखवू नकोस.

आणि देवाने तिला नवरा दिला तो व्हर्लिन.

व्हर्लिनने बायकोवर कधी हात उचलला नाही. बाकी जगावर उचलला. पेंडीच्या दुकानात एकाचा जबडा मोडला, अडलेल्या इंजिनावर हातोडा घालून ते कायमचं अडवलं, घरातली दोन दारं तर त्याच्या लाथांनीच गेली. मग बुधवारच्या प्रार्थनेला वेदीपुढे गुडघे टेकून तो ढसाढसा रडायचा. त्याचा पश्चात्ताप खोटा नसायचा, पण आठवडाभरात मूठ पुन्हा वळायची.

शेजारची जमीन त्याच्या थोरल्या भावाची, हॉईटची. हॉईट बिनलग्नाचा, जिभेचा तिखट, आणि हाताने व्हर्लिनच्या तोडीस तोड. बाप गेल्यावर दोघांनी रान वाटून घेतलं तेव्हा कुंपणाचीही वाटणी झाली. तिकडची रीत अशी, की दोन्ही मालकांनी कुंपणाच्या मध्यावर यायचं, आपापल्या बाजूला एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं, आणि ज्याच्या उजव्या हाताला जी अर्धी तार येईल ती त्याने जन्मभर राखायची. हॉईट रीतीप्रमाणे तोंड करून उभा राहिला. व्हर्लिनचं त्याच सकाळी बापाच्या बंदुकीवरून त्याच्याशी वाजलं होतं. तो म्हणाला, तुझं थोबाड बघायला मी आलेलो नाही, आणि पाठ करून उभा राहिला. दोघांनी उजवे हात पसरले. दोघांचेही हात रस्त्याकडेच गेले.

झालं. रस्त्याकडचं अर्धं कुंपण दोघंही आपलं म्हणून राखू लागले. एकाने खांब रोवला की दुसरा त्यालाच आणखी एक तार ओढायचा. ओढ्याकडचं अर्धं कुणाचंच नव्हतं. ते कुजलं, पडलं, त्यावर काटेरी वेल चढले. कोण चुकीचा उभा होता हे विचारायची सोय नव्हती. ओलीटाने एकदा विचारलं होतं. व्हर्लिन म्हणाला, "मी माझ्या उजव्या हातालाच होतो. माझा उजवा हात मला ठाऊक नाही का?"

त्याच ओढ्याकाठी हरणांसाठीचं रान होतं. दोन-तीन घरं मावतील एवढं, तीन बाजूंनी ओकची झाडं. शिकारी माणसं असं एखादं रान राखतातच. त्यात क्लोव्हर हा तीन पानांचा हिरवा चारा, गहू, सलगम पेरायचे, हरणं चरायला येतात, टर्की पक्षी येतात, आणि मोसमात घराला मांस मिळतं. व्हर्लिन ते फिरत्या चकतीच्या यंत्राने पेरायचा. ट्रॅक्टरच्या मागे अडकवलेला बियाण्याचा डबा, खाली इंजिनाच्या जोरावर गरगरणारी चकती, तिच्यातून बी चहूकडे उडतं. झटपट काम. क्लोव्हरचं बी मोहरीहून बारीक, वाऱ्यावरही जाईल असं. त्यात चकती उजवीकडे जरा जास्तच फेकायची, आणि कुंपणाच्या कडेने जाताना व्हर्लिनची उजवी बाजू हॉईटच्या रानाकडे असायची.

तेव्हा हॉईटच्या बाजूलाही क्लोव्हर उगवलं. दाट, हिरवंगार, फुकटचं. हॉईटने त्याच्यासमोरच्या झाडावर बसायचं मचाण बांधलं.

मागच्या नोव्हेंबरात एक मोठा नर आला. व्हर्लिनने त्याला दोन वर्षं मारला नव्हता, वाढू दिला होता. त्या दिवशी तो पडलेली तार ओलांडून पलीकडच्या क्लोव्हरमध्ये गेला, आणि हॉईटने त्याला तिथेच पाडला. गोळीचा आवाज ऐकून व्हर्लिन धावत गेला. हॉईट हरणाचं पोट फाडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बी चांगलं वापरतोस हं. हरणाला चरबी छान धरलीय."

पुढचं ओलीटाने डोळ्यांनी पाहिलं नाही, पण घरी आलेला नवरा पाहिला. डाव्या कानाचा खालचा तुकडा नव्हता. तो हॉईटच्या दातांत गेला होता. हॉईटच्या हातातली सुरी त्याच्याच तळव्यातून आरपार गेली होती. हरणाच्या उघड्या पोटावर दोघं लोळले होते, आणि व्हर्लिनच्या अंगावरचं रक्त कुणाकुणाचं हे ओलीटाला धुतल्याशिवाय कळेना. ती कान शिवत होती तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी तो त्या क्लोव्हरवर बंदूक रोखेल ना, तेव्हा मी हाताने मारणार नाही."

त्याने भरलेली बंदूक स्वयंपाकघराच्या दारामागे उभी केली, ती उन्हाळाभर तिथेच होती. ओलीटा केर काढताना ती बाजूला करायची आणि परत ठेवायची. यावेळी तो वेदीपुढे रडला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

रान पडीक ठेवू या, असं तिने सुचवून पाहिलं. व्हर्लिन म्हणाला, मग तो समजेल मी भ्यालो. तेव्हा तिने ठरवलं, पेरायचंच असेल तर एक दाणाही पलीकडे जाता कामा नये. पलीकडे क्लोव्हर नसेल, तर पलीकडे हरीण थांबणार नाही, आणि मग कुणी कुणावर बंदूक रोखायचं कारण उरणार नाही. स्वतःच्या दोन कालवडी विकून ती अवजारांच्या दुकानात गेली.

दुकानदार टीग तिला लहानपणापासून ओळखत होता. त्याने आधी मोठी चकती दाखवली, मग त्याहून मोठी. "ही चाळीस फूट फेकते," तो अभिमानाने म्हणाला.

"न फेकणारं दाखव."

"न फेकणारं? मग पेरणार कसं, चमच्याने?"

शेवटी त्याने मागच्या शेडमधलं एक काढलं. ट्रॅक्टरच्या तिन्ही आकड्यांना अडकणारं, पुढे-मागे दोन खाचांचे लोखंडी रोलर, मध्ये बियाण्याची लांब पेटी. पुढचा रोलर माती फोडतो, बी सरळ खाली पडतं, मागचा ते दाबून टाकतो. बारीक बियाला वेगळी छोटी पेटी. सगळं चाकाच्या फिरण्यावर चालतं, इंजिनाचा फिरता दांडा लागत नाही, म्हणून त्यात बाही अडकून हात जायची भीतीही नाही. ओलीटाने वाकून खाली पाहिलं, हाताने रोलर फिरवला, विचारलं, बी बाजूला किती जातं. टीग म्हणाला, जातच नाही, तोच तर ह्याचा दोष, दहा वेळा फेऱ्या माराव्या लागतात. आणि तू हे हरणांसाठी घेतेयस? हरणं काय ओळी सरळ आहेत का बघणार आहेत?

"हरणं नाही बघणार," ती म्हणाली. "हॉईट बघेल."

टीगचं हसू विरलं. कान कुठे गेला हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याने किंमत थोडी उतरवली आणि यंत्र स्वतः चढवून दिलं.

सप्टेंबरात व्हर्लिन लाकडाच्या गिरणीवर जायचा दिवस तिने धरला. ट्रॅक्टरने यंत्र उचलून धरलं, केकचं पसरट भांडं खाली ठेवलं, हाताने चाक फिरवून पडलेलं बी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. पहिल्यांदा फार पडलं. क्लोव्हर पाण्यासारखं वाहतं. तिने भोक कमी केलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा तोललं. मग ओढ्याकाठी गेली आणि पडलेल्या कुंपणापासून ट्रॅक्टरभर जागा सोडून पेरायला लागली. माती भुसभुशीत फुटत होती. मागे वळून पाहिलं की दाबलेल्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या रेषा, आणि पलीकडे एक दाणा नाही. तिने मोठ्याने देवाचे आभार मानले.

हॉईट वेलांतून कधी येऊन उभा राहिला ते तिला इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. तो ट्रॅक्टरपुढे आला, तेव्हा तिने थांबवला.

त्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली. दाबलेली माती बुटाने उकरली, आतलं बी पाहिलं, आपल्या बाजूची कोरडी जमीन पाहिली. "गेल्या वर्षी न मागता देत होतीस," तो म्हणाला. "यंदा माप घेऊन आलीस."

ती म्हणाली, हॉईट, हे तुमच्या दोघांच्या जिवासाठी आहे. तो म्हणाला, माझ्या जिवाची काळजी तुला कधीपासून? आणि हद्द इथे नाहीच, ती त्या मोठ्या सिकॅमोरच्या झाडापाशी आहे, म्हणजे तू उभी आहेस ती जमीन माझी. तार होती तोवर कुणी असं म्हटलं नसतं. पण तार कुठे होती? ती दाखवायला गेली, तर हाताला वेलच लागले.

हॉईटने एक जाड फांदी उचलली आणि बियाण्याच्या पेटीवर घातली. पहिल्या घावाला झाकण वाकलं, दुसऱ्याला पत्रा फाटला. क्लोव्हरचं बी पिवळ्या वाळूसारखं भळाभळा मातीत सांडलं. तो मारतच राहिला, यंत्राला नव्हे, कुणा माणसाला मारावं तसा, तोंडातून फेस येईपर्यंत.

गिरणी बंद होती म्हणून व्हर्लिन लवकर परतला होता. घरात बायको नाही, ट्रॅक्टर नाही, आणि ओढ्याकडून लोखंडावर लाकूड आपटल्याचे आवाज. तो ओकमधून पळत आला तेव्हा त्याच्या हातात बंदूक नव्हती, एवढंच ओलीटाला दिसलं. तिने त्याला हाक मारली. त्याने ऐकली नाही.

फांदीचा पहिला घाव व्हर्लिनच्या बरगडीवर बसला. तो त्याच हिसक्याने भावाच्या पोटात डोक्याने घुसला. दोघं रोलरवर कोसळले. हॉईटचं तोंड खाचेवर आपटलं, दात तुटल्याचा आवाज तिने ऐकला. हॉईटने त्याच्या फाटक्या कानात बोटं घालून ओढलं. व्हर्लिन गुरासारखा ओरडला. मग तो वर आला, गुडघा भावाच्या गळ्यावर, आणि डाव्या हाताने चाचपत त्याने ओढ्यातला एक गोटा उचलला, पावाएवढा. पहिला घाव कपाळावर घसरला. हॉईटचे डोळे रक्ताने भरले, हात खाली पडले, तो आता लढत नव्हता. व्हर्लिनने गोटा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला.

ओलीटाच्या मनात काही शब्द आले नाहीत, प्रार्थनेचेही नाहीत. ट्रॅक्टरच्या बाजूला पहार अडकवलेली असायची. ती तिने काढली आणि नवऱ्याच्या वर गेलेल्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, अंगातला सगळा जोर काढून मारली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गोटा हॉईटच्या खांद्याशेजारी मातीत पडला. व्हर्लिन बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिला. हात कोपर नसलेल्या जागी वाकला होता.

"ओलीटा," तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा होता.

"उतर त्याच्यावरून."

तो उतरला.

हॉईटची पिकअप जवळ होती. त्याला दिसत नव्हतं, व्हर्लिनला चालवता येत नव्हतं, म्हणून स्टिअरिंगवर ती बसली. एकाच बाकावर तिघं. मध्ये व्हर्लिन, मोडका हात मांडीवर धरून, आणि खिडकीपाशी हॉईट, तिच्या ॲप्रनने कपाळ दाबून. प्रत्येक खड्ड्याला दोघांचे खांदे आपटत होते आणि दोघंही कण्हत होते.

रुग्णालयात नर्सने विचारलं, काय झालं. व्हर्लिन म्हणाला, ट्रॅक्टरची पिन निसटली, दांडा हातावर आला. हॉईटकडे वळून तिने विचारलं, आणि तुम्हाला?

"तोच दांडा," तुटक्या दातांतून हॉईट म्हणाला. "मी शेजारीच होतो. मी पाहिलं."

वाटणीच्या दिवसानंतर दोघा भावांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. ओलीटाने ते ऐकलं. खोटं बोलायचं नाही, हे ती चर्चच्या रविवारच्या वर्गात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत आली होती.

"दांडा नाही," ती म्हणाली. "ह्याचा हात मी मोडला, पहारीने. आणि त्याचं डोकं ह्याने दगडाने फोडलं. आणखी एक घाव बसला असता तर तो मेला असता."

नर्सचा पेन थांबला.

"हिला धक्का बसलाय," व्हर्लिन म्हणाला.

"चर्चमध्ये फार बसते," हॉईट म्हणाला. "पहिल्यापासूनच अशी आहे. ओलीटा, गप्प बस ना."

"हो, गप्प बस," व्हर्लिन म्हणाला.

शेरीफच्या पोलीस कचेरीतला माणूस आला, त्याने तिघांनाही वेगवेगळं विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. दोघा भावांनी दांडाच सांगितला, आणि तक्रार कुणाचीच नव्हती. जाताना त्याने टोपी काढून तिला एवढंच विचारलं, घरी बंदूक आहे का. ती म्हणाली, आहे, दारामागे, तू घेऊन जा. तो घेऊन गेला.

व्हर्लिनच्या हाताला प्लास्टर नोव्हेंबर संपेपर्यंत होतं. फाटकी पेटी तिने पत्रा ठोकून दुरुस्त केली आणि उरलेलं रान पेरून टाकलं. हॉईटने जिथे पेटी फोडली त्या एका जागी क्लोव्हर गालिच्यासारखं दाट उगवलं, आणि सगळ्या रानातली हरणं तिथेच यायची. भाऊ त्यानंतरही बोलले नाहीत. त्या मोसमात मांस तिनेच आणलं, जुन्या धनुष्याने, एक तरुण मादी.

त्या रात्री ताटात हरणाचं मांस, मक्याचा पाव आणि सलगमचा पाला होता. तिने डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानले. आमेन म्हणून व्हर्लिनने डाव्या हाताने काटा उचलला आणि परत ठेवला.

"मी टाकला असता का गं तो दगड?" त्याने विचारलं.

"टाकला असतास."

मग त्याने डाव्या हाताने ताट तिच्याकडे सरकवलं, आणि तिने सुरी घेऊन त्याच्या मांसाचे लहान लहान तुकडे करून दिले.