बोट चुकलं, सर

"येताना सोडे तेवढे आणा," असं बायकोनं स्वयंपाकघरातून सांगितलं होतं. मी बाजारातून गोड्या तेलाचा पाच लिटरचा डबा खांद्यावर मारून घरी आलो.

माझ्या बाजूनं सांगायचं तर मला "गोडे तेल आणा" असं अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. इतकं स्वच्छ, की तिसऱ्या दुकानात भाव करून डबा घेतला आणि वर शाबासकीच्या अपेक्षेनं तो ओट्यावर दणकन ठेवला. माझी मेहुणी दुपारी पनवेलहून जेवायला येणार होती, ती खास सोडेभातासाठी. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोलंबी. आमच्या किनाऱ्यावर पाहुण्याला सोड्यांशिवाय वाटेला लावणं म्हणजे अपमानच.

बायकोनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पूर्वी असं काही झालं की ती कडाडायची. "कान काय बाजारात गहाण टाकलेत?" म्हणायची. मी म्हणायचो, "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस." मग अर्धा तास आमचा छान जायचा. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "असू दे."

मेहुणीला तिनं बटाट्याची भाजी वाढली. तेल सढळ होतं.

हे "असू दे" अलीकडे वाढलं होतं. एके काळी मी पडवीत पेपर घेऊन बसलो की ती आतून दिवसभराचं सगळं सांगायची: कोळणीनं बोंबील कसे शिळे दिले, शेजारच्या वाडीत नारळ कुणी पाडले, मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा तो काय म्हणाला. मी मधूनमधून "हो, हो" म्हणायचो. हळूहळू आतून येणारं ते बोलणं आटत गेलं. मला वाटलं, संसार मुरला. पन्नाशीला नवरा-बायकोला शब्द लागत नाहीत, असं काहीसं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं. पण तेलाच्या डब्यानंतरचं "असू दे" मला रात्रभर टोचलं. घरातलं काहीतरी संपत आलं होतं, आणि ते सोडे नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळा आगरदांड्याच्या रस्त्यावर, जरा चढावर आहे. अर्धी मुलं कोळीवाड्यातली, बाकीची आतल्या भातशेतीच्या गावांतून एसटीनं येणारी. शाळेत फोन आणायचा नाही असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, कडक नियम. सापडलेला फोन त्यांच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यात जातो आणि पालक येईपर्यंत तिथेच राहतो.

त्याच आठवड्यात नववीला ध्वनीचा धडा घेतला. माणसाला वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, हे फळ्यावर लिहिलं आणि खडू झटकत वर माझी भर घातली: "पण हे तुमच्या वयात हां! वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज माणसाला ऐकू येईनासे होतात. बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"कुणाला सर?" मागून एकानं विचारलं.

"म्हाताऱ्यांना," मी म्हणालो.

वर्ग फारच मनापासून हसला. धडा रंगला असं मला वाटलं.

दोन-चार दिवसांनी त्याच धड्यावर छोटी चाचणी ठेवली. चार पर्यायांतून एक निवडायचा. चाचणीच्या वेळी माझी नजर घारीसारखी असते, अशी माझी ख्याती आहे. ती पसरवली मीच. बाकांमधून फिरलो. मान वळत नव्हती, ओठ हलत नव्हते, चिठ्ठी नव्हती. मुलं थोडी थांबायची आणि मग सगळी पेनं एकदम कागदावर टेकायची. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. एकाग्रता म्हणतात ती हीच. फक्त व्हरांड्यात झोपणारा शाळेचा कुत्रा मधूनमधून दचकून मान वर करत होता. शेवटी तो उठला, वर्गाकडे एक दुखावलेला कटाक्ष टाकला आणि नळाकडे निघून गेला.

पेपर तपासताना मी खूश होत गेलो आणि मग खुशी एकदम थांबली. "ध्वनीचा प्रसार कशातून होत नाही?" या प्रश्नाला उत्तर होतं निर्वात पोकळी. अख्ख्या वर्गानं लिहिलं होतं, पाणी. ज्यांना होडीच्या तळाला कान लावून लांबच्या इंजिनाची घरघर ओळखता येते, त्या पोरांनी!

दुसऱ्या दिवशी पेपर टेबलावर ठेवून मी विचारलं, "सगळ्यांना एकाच वेळी पाणी कसं काय सुचलं?"

वर्ग खाली बघायला लागला. एकेकाच्या डोळ्यांचा कोपरा मात्र खिडकीजवळच्या बाकाकडे जात होता. तिथे वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी बसते, कोळीवाड्यातली. ती उभी राहिली आणि मान खाली घालून काहीतरी बोलली.

"बोट चुकली?" मी म्हणालो. "कुठली बोट? खाडीपलीकडच्या दिघीची? अगं, तुझं घर तर या काठाला आहे!"

वर्ग फुटला. बाकावर डोकी आपटून हसली पोरं. ती मुलगी मात्र हसली नाही. ती बाकातून बाहेर आली, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शब्द तोडून तोडून म्हणाली, "बोट चुकलं, सर. माझं बोट. चारदा दाबायचं होतं, तीनदा दाबलं."

आणि ओढणीखालून फोन काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. माझा धडा ऐकून पोरांनी फोनवर शोध घेतला होता. मोठ्यांना ऐकू येत नाही असा बारीक, टोकदार आवाज काढणारं अ‍ॅप मिळालं होतं. पहिल्या पर्यायाला एक शिट्टी, दुसऱ्याला दोन. शिक्षकाच्या नाकासमोर सगळा कारभार, आणि शिक्षक एकाग्रतेचं कौतुक करत फिरतोय. ही युक्ती त्यांना शिकवली कुणी? मीच!

"वाजव बघू," मी म्हणालो.

"वाजवला सर."

"अगं, वाजव ना!"

"सर, वाजतोय!" पोरांनी कानांवर हात ठेवले होते. व्हरांड्यातून कुत्रा पुन्हा निघून गेला.

आता खरं तर ओरडायला हवं होतं. पण विज्ञानाचा मास्तर पडलो. म्हटलं, "पट्टी खाली आण. मला कुठे ऐकू येतो बघू." ती बोटानं आकडा उतरवायला लागली आणि वर्गाला भलताच रंग चढला.

"आता सर?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"सर, आता तर भिंतीलापण ऐकू आला!" कुणीतरी ओरडलं. मीही हसत होतो. म्हातारा झालो, म्हणत होतो. आकडा उतरत होता, पोरं हसत होती, आणि तेवढ्यात मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"काय शिट्टी वाजतेय इथे केव्हाची?" त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई माझ्यापेक्षा वयानं चांगल्या मोठ्या. निवृत्तीला आलेल्या. त्यांना व्हरांड्याच्या टोकाला ऐकू आलेला आवाज मला हाताच्या अंतरावर ऐकू येत नव्हता.

वर्गाचं हसणं कुणी न सांगता थांबलं. कोणत्याही शिक्षेनं मी तो वर्ग इतका गप्प केला नव्हता. पोरं बाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती. त्यांना कळलं होतं, आणि मलाही. बाईंना मी काय सांगणार? शिट्टी कुठली ती मला माहीत नव्हती.

"बाई, सर ध्वनीचा प्रयोग दाखवतायत," ती मुलगी म्हणाली. "फोन सरांनीच आणायला लावला." पापणीसुद्धा हलली नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "पण जरा हळू." आणि गेल्या.

मोठ्यांना फसवायच्या त्या सगळ्या उद्योगातली ही शेवटची फसवणूक माझ्यासाठी होती.

तास संपल्यावर ती थांबली. पुन्हा समोर येऊन म्हणाली, "सर, रागावू नका. कान दाखवून घ्या. आम्हाला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्हाला मागून बोललेलं कळत न्हाय. म्हणून तर आम्ही समोर येऊन बोलतो ना."

मी खुर्चीत बसलो. माझ्या वर्गात काही विचारायचं असलं की मूल उठून पुढे येतं, माझ्यासमोर उभं राहतं, तोंड वर करून नीट बोलतं. मला याचा कोण अभिमान! मी लावलेली शिस्त म्हणून इतर शिक्षकांना मी त्यावर व्याख्यानं दिली होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मीच सांगितलं सगळ्यांना. आमच्या बापसाचे कान इंजिनानं गेले. त्याच्याशी बोलायचं तर आधी त्याच्यासमोर जायचं, त्यानं बघितलं की मग बोलायचं. आमच्या घरात सगळे तसंच बोलतात." मग म्हणाली, "त्याला कुणी बहिरा म्हणत न्हाय सर. तो चिडत पण न्हाय."

फोन जप्त करायला हवा होता. तो मी तिच्या हातात परत दिला. कुणी जाब विचारलाच, तर प्रश्न ऐकू आला नाही म्हणेन. चाचणी मात्र पुन्हा घेतली, आणि तीत पाणी कुणीही लिहिलं नाही.

घरी येऊन मी हा सगळा किस्सा बायकोला रंगवून सांगितला, बोटीसकट. किस्से सांगणं हे आमच्या घरात माझ्याकडेच असतं. बोटीच्या जागी ती हसेल असा अंदाज होता. ती भाकरी थापत होती. हात थांबले. पिठाच्या हातांनीच ती वळली.

"मोठ्या बाईंना ऐकू आलं, आणि तुम्हाला नाही?"

"नाही."

"खरंच नाही?"

"अगं, खरंच."

बाजारात मासा ताजा आहे का हे ती कल्ले उघडून बघते, तशी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या रजा टाका. अलिबागला जायचं."

अलिबागच्या कानाच्या दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. समोरच्या काचेत मशीनवरच्या मुलीचा हात दिसत होता. तिचा हात हलला की मी बटण दाबायचो. बराच वेळ मी पहिला नंबर घेत होतो. मग खोलीचं दार उघडून ती म्हणाली, "काका, भिंतीकडे तोंड करा." नववीतल्या पोरांविषयी मला त्या क्षणी फार जवळीक वाटली.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. खालच्या पट्टीत ती नीट चालली होती आणि मग डोंगराच्या कड्यावरून पडावी तशी पडली होती. ते बायकोला म्हणाले, "यांना आवाज येतो, शब्द उलगडत नाही. स, श, फ, ख असली अक्षरं गळतात. तुम्ही सांगितलंत ते सोडे आणि गोडे यांना एकच. समोर असलात तर ओठांवरून जुळवतात. पाठमोरे बोललात की गेलं."

"म्हणजे हे मुद्दाम करत नाहीत?" तिनं विचारलं.

"मुद्दाम कसं करतील?"

"नाही, तसं नाही," ती म्हणाली आणि मग पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत बसली.

कानाचं मशीन नंतर आलं. ते कानात घालून वर्गात गेलो तेव्हा कळलं की माझी चप्पल वाजते आणि माझा खडू किंचाळतो, आणि इतकी वर्षं पोरांनी ते सोसलं. त्यांची ती सगळ्यांत बारीक शिट्टी मात्र मशीनमधूनही मला ऐकू येत नाही. तेवढं त्यांच्याकडे राहू दे. त्या मुलीला मी आभार मानायला गेलो, तर ती म्हणाली, "सर, आता मागून बोललं तर चालेल?" म्हटलं, नको, सवय चांगली आहे.

पण मला जे कायमचं ऐकू आलं, ते मशीन येण्याआधी. त्या दिवशी अलिबागहून परत येताना बायको मधेच रेवदंड्याला एसटीतून उतरली. मी मागोमाग. बाजारात सोडे घेतले, तिनं स्वतः निवडून, पिशवी माझ्याकडे दिली. पुढच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो. रिक्षांचा गलका, वारा, त्यात खारवलेल्या माशांचा वास. ती माझ्या शेजारी उभी होती. मग ती पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली, मी बघतोय याची खात्री केली. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू. एकही अक्षर गळलं नाही.

"मला वाटायचं, माझं बोलणं तुम्हाला नकोसं झालंय," ती म्हणाली. "म्हणून बोलायचंच सोडलं होतं मी. आणि तुम्ही नुसते बहिरे! मग आधी नाही का सांगायचं?"