शनिदेवाला उलटी प्रदक्षिणा

शनीचे बाहेरचे चंद्र चिमुकले, वेडेवाकडे आणि दूरदूर भटकणारे. शास्त्रज्ञांना अजून नवेनवे सापडतच असतात. आमच्या भद्रावतीच्या खगोल मंडळाच्या किश्शांचंही तसंच आहे. फरक एवढाच, की ते शोधावे लागत नाहीत. आमचे अध्यक्ष ढोकेभाऊ घरपोच देतात.

* * *

भल्याभल्या वेधशाळांना जे चंद्र मुश्किलीने दिसतात, त्यातला एक भाऊंना आमच्या हातभर दुर्बिणीतून दिसला. शनीवर काळा ठिपका. लगेच पेढे आले. मी भिंग पुसलं, तर माजरीच्या खाणीतल्या कोळशाची धूळ रुमालावर आली आणि चंद्र गेला.

"ग्रहण लागलं असन," भाऊ म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला.

* * *

शनी बघायचा तर आधी तेल वाहायचं, म्हणून एका शनिवारी भाऊंनी भिंगालाच तेलाचं बोट लावलं. त्या दिवशी आम्हाला रस्त्यावरच्या दिव्यालाही कडी दिसली. भाऊंनी त्याचीही बातमी पेपरात दिली.

* * *

भामरागडच्या शाळेत भाऊंनी याच चंद्रांवर तासभर भाषण ठोकलं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "येवढे चंद्र, अन् एक भी उजेड नाई देत. मंग शनीनं ठेवले काऊन?"

भाऊ म्हणाले, "चौकशी करून कळवतो."

* * *

मग मंडळाची कॉलनीतली खोलीच धोक्यात आली. कॅरमवाल्यांना ती हवी होती आणि कॉलनीचे मोठे साहेब पाहणी करून ठरवणार होते. त्या खोलीत माझा जीव अडकला होता. मी महिनाभर खपून शनीचं मॉडेल केलं. जवळचे चंद्र शनीसोबत एका दिशेने, बाहेरचे बरेचसे उलटे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखे, दोन वेगळ्या मोटरींवर. उलटं फिरणं हीच तर त्यांची गंमत.

पाहणीच्या दिवशी बघतो तर सगळे एकाच दिशेने! भाऊंनी आदल्या दिवशी वायरमन बोलावून शनी आणि आतल्या चंद्रांच्या मोटरीच्या वायरी उलट्या जोडून घेतल्या होत्या.

"शनिदेवाले उलटी प्रदक्षिणा? मी अध्यक्ष असतानी नाई चालनार. तुमचे बाहेरचेच तेवढे बरोबर फिरून राह्यले होते."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी विचारलं, "यात उलटे फिरणारे कोणते?"

"आता एक भी नाई, साहेब. काल सगळे सरळ करून टाकले."

साहेबांनी चपला काढून मॉडेलला हात जोडले. खोली आमच्याकडेच राहिली, कॅरमवाले हात हलवत गेले. निघताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरूचे चंद्र भी तेवढे सरळ करून घ्या."