आधीच भरलेलं स्वमूल्यमापन

फॉर्म माझ्या हातात आला तो भरलेलाच. पेन्सिलने.

वर छापलं होतं, 'विद्यार्थ्याचे स्वमूल्यमापन'. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आपल्याला काय काय आलं, ते ज्याचं त्याने पाचपैकी लिहायचं. माझ्या फॉर्मवर डिझाइनसमोर एक होता. वेल्डिंगसमोर पाच. खाली शेरा, 'सोपवलेले काम प्रामाणिकपणे केले.' अक्षर अंकितचं. तो आमचा ग्रुप लीडर, गोंदियातल्या एका राइस मिलवाल्याचा मुलगा.

"यावर पेन फिरव अन् सही कर," प्रोजेक्टचे सर म्हणाले.

"सर, डिझाइन माझं आहे."

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्हा लोकांचा हात कामाला बसलेला असतो. डिझाइन डोक्याचं काम आहे. वेल्डिंगला पाच दिले ना तुला?"

वर्कशॉपमध्ये ग्रुपमधले तिघंही होते. 'तुम्हा लोकांचा' म्हणजे कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. स्कॉलरशिपच्या यादीत जातीसकट माझं नाव नोटीस बोर्डावर लागायचं, सगळ्यांनी वाचलेलं होतं. अंकित हळूच म्हणाला, "बुरा मत मान यार. तेरी वेल्डिंग सच में बढ़िया है."

मला राग आला नाही. काहीच वाटलं नाही. मी स्टुलावर बसले आणि पेन फिरवू लागले. संवादकौशल्य दोन. गिरवला. वक्तशीरपणा चार. तोही गिरवला. बालवाडीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं.

आमच्या प्रोजेक्टचं यंत्र मोहाच्या बिया फोडायचं होतं. अंकितच्या ड्रॉइंगमध्ये दोन रोलर, मधली फट ठरलेली. मोठ्या बियांचा चुरा व्हायचा, लहान बिया तशाच अख्ख्या खाली पडायच्या. दोन महिने हेच. सालेकशाला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. आईचा जन्म दगडाने बिया फोडण्यात गेलेला. ती म्हणाली, "मोठी अन् लायनी एकाच दणक्यानं काऊन फुटतीन? बी पाहून हात मारा लागते."

परत आले आणि एका रोलरला स्प्रिंग लावली. मोठी बी आली की रोलर मागे सरतो, ती गेली की पुढे येतो. स्प्रिंगचं गणित मी केलं, ड्रॉइंग मी काढलं. अंकितने ते कॉम्प्युटरवर चढवलं आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं. मी पाहिलं होतं. जाऊ दे, ग्रुपचंच आहे, म्हटलं. ती चूक माझी.

डिझाइनच्या रकान्यापाशी पेन थांबलं. इतका वेळ हा एकचा आकडा त्यांचा होता. मी गिरवला की माझा होणार होता. त्यांनी मला कमी लेखलं, असं तो कागद कोणालाच सांगणार नव्हता. मीच मला कमी लेखलं, असं सांगणार होता, आणि खाली माझी सही. तेव्हाही राग आला नाही. फक्त हात पुढे जाईना.

ऑफिसात जाऊन कोरा फॉर्म मागितला. डिझाइन पाच लिहिलं. वेल्डिंग तीन, कारण एका बेअरिंगची बैठक माझ्याकडून वाकडी वेल्ड झाली होती. संवादकौशल्य दोनच ठेवलं, ते खरं होतं. शेऱ्यात लिहिलं, स्प्रिंगचं गणित आणि ड्रॉइंग माझं, ते सुचलं आईच्या बोलण्यावरून. सही केली.

सरांनी उभ्या उभ्या वाचला. "इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"मग?"

"माझा फॉर्म आहे. असाच राहू द्या."

ग्रुपमध्ये सगळ्यात कमी मार्क मला पडले. पास झाले, एवढंच.

आता मुलाखतीला गेलं की विचारतात, प्रोजेक्टमध्येच इतके कमी कसे? मी पहिल्यापासून सांगते. सरांचं 'तुम्हा लोकांचा हात' हे वाक्यही जसंच्या तसं सांगते. समोरचे लोक कागद चाळायला लागतात, आणि बहुतेक वेळा नोकरी हातची जाते. कुडव्याला माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण म्हणते, "आजारी होती म्हणून सांगून दे ना. कोण पाह्यला येऊन राह्यला?"

मी आजारी नव्हते. पुढच्या सोमवारी मुलाखत आहे. विचारलं तर हेच सांगणार.