खुर्चीवरची आरोळी

"चढ खुर्चीवर," साहेब म्हणाला. मी चढलो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं आमचं ऑफिस. पाण्याचे फिल्टर दारोदार विकायचे. रोज सकाळी मीटिंग. आदल्या दिवशी ज्याचा सेल शून्य, त्याने खुर्चीवर उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा चढलेलो.

"तुझी आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकते ना रे? आणि तुला टाय लावून एक फिल्टर खपवता येत नाही? ओरड बघू, आई ओरडते तसा!"

मी ओरडलो. हो, ओरडलो! नोकरी हवी होती. "म्हावरं घ्याऽ, म्हावरं!"

सगळा हॉल हसला. कुणीतरी नाक दाबलं. ज्याच्यासोबत रोज डबा खायचो, तोही हसला. त्याला काय बोलणार? तो खुर्चीवर होता तेव्हा मीही हसलेलो.

आमच्या कोळीवाड्यातही मी एकटाच पडलेलो. कामाला लागताना कंपनीने नातेवाइकांची यादी मागितलेली. आधी त्यांनाच गाठायचं. सगळ्यांच्या गळ्यात फिल्टर मारून झाले. मग सख्खी मावशी मला बघून दार लोटायला लागली. हळदीला गेलो तर माझ्या बाजूला कुणी बसेना. जाम रडू आलेलं.

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर साहेब म्हणाला, "आता आईची गिऱ्हाइकं आण. नावं, पत्ते. उद्या."

संध्याकाळी आईला विचारलं. तिला लिहिता येत नाही, पण डोंबिवली-ठाकुर्लीची एकवीस घरं तिने धडाधड सांगितली. कुणाला काट्याची मासळी चालत नाही, कुणाची सून बाळंत झालीय, तिच्यासाठी पचायला हलक्या मुडदुशा वेगळ्या काढायच्या. मी लिहीत होतो.

"कशाला रं पोरा?" तिने विचारलं. मी कागद घडी करून खिशात टाकला.

सकाळी साहेबाने हात पुढे केला. "यादी?"

"आणलीय. देणार नाही."

"मग चढ खुर्चीवर."

"नाही चढणार."

एकही टाळी वाजली नाही. जिना उतरताना माझ्यामागे कुणी आलंही नाही. खाली रस्त्यावर यादी फाडली.

नोकरी गेली हे आईला सांगितलं. आरोळीचं सांगायची हिंमत मला आजही नाही. ती घरं तिने उन्हातान्हात पायपीट करून जोडलीत. त्यांचे पत्ते कुणाला मिळणार नाहीत. आणि तिची आरोळी? तिची पाटी माझ्या डोक्यावर असेल तेव्हाच मारीन. कुणाच्या हुकमावर, कुणाला हसवायला, पुन्हा कधीच नाही.